जाड निगेटिव्ह

काका उजेडाकडे कधी बघायचे नाहीत. ते स्वतःच्या तळहाताकडे बघायचे. डावा हात खांद्याएवढा वर धरायचा, तळवा उजेडाकडे वळवायचा, दोन क्षण त्यावर नजर लावायची आणि शेजारी कुणी असो वा नसो, मोठ्यानं सांगायचं, "आठ, एकशेपंचवीस." लेन्स किती उघडायची आणि शटर किती वेळ, याचे ते आकडे. उजेड मोजायचं मीटर बाजारात मिळतं हे त्यांना ठाऊक होतं. त्याचा विषय काढला की म्हणायचे, "मीटर टॅक्सीला. मला तळवा आहे."

कॅमेरा जवळ नसला तरी हे चालायचं. बसस्टॉपवर, रेशनच्या रांगेत. एकदा एका मयताला गेले असताना बाकीचे लोक तिरडी बांधत होते आणि हे कोपऱ्यात हात वर करून उभे होते. शेजारच्या सलूनवाल्याला वाटायचं, काका स्वतःचा हात बघून भविष्य वाचतात.

"काय काका, परदेशगमन दिसतंय काय?"

"दिसतंय. पण तुझं. आणि परत यायचं काय दिसत नाही."

वाशीत, सेक्टरच्या मार्केटमध्ये मागच्या रांगेत त्यांचा स्टुडिओ होता. पुढे दुकान, मध्ये निळा पडदा, पडद्यामागे काका-काकूंचा संसार. मूळचे रत्नागिरीकडचे. तुर्भ्याच्या एका कारखान्यात काही वर्षं काढली आणि मग ती नोकरी सोडून हा उद्योग मांडला. गावाकडचं कुणी आलं की पडद्याआडून आधी काकूंचा 'जयभीम' ऐकू यायचा आणि मग स्टोव्हचा आवाज.

बारा ते तीन दुकान बंद. "बाराचा उजेड डोक्यावर पडतो, माणसाच्या डोळ्यांच्या जागी खड्डे दिसतात," हे त्यांचं कारण. स्टुडिओत फोटो निघायचे ते विजेच्या दिव्यांवर, तिथे बाराचा काय संबंध, असं त्यांना फक्त काकू विचारू शकल्या असत्या. त्या विचारायच्या नाहीत, कारण त्याच वेळात काका जेवून तासभर झोपायचे आणि दुकानातली भांडणं तेवढी थांबायची. भांडणं रोजची. फोटो काढताना कुणी हसलं की काका कॅमेऱ्यामागून डोकं वर काढून म्हणायचे, "दात नकोत. दातांचा डॉक्टर पुढच्या रांगेत आहे."

मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेले ती दहावीच्या सुट्टीत. आम्ही मुंबईहून वाशीच्या नव्या फ्लॅटमध्ये आलो होतो. शाळा सुटली म्हणजे माझ्या सगळ्या मैत्रिणीही सुटल्या. सेंड-ऑफच्या दिवशी बाबांचा कॅमेरा नेऊन मी एक कलर रोल काढला होता. कॅमेऱ्यावर एक चकती असते, त्यावर फिल्मचा वेग लावायचा असतो. माझी फिल्म शंभरची होती आणि चकती पंचविसावर होती. मला वाटलं, किती फोटो झाले ते ही चकती दाखवते. म्हणजे प्रत्येक फोटोवर हवा त्याच्या चौपट उजेड पडला. जवळच्या एका स्टुडिओनं रोल धुऊन आणला आणि न छापताच परत केला. बाद आहे म्हणाले.

ते पाकीट घेऊन मी काकांच्या काउंटरसमोर बराच वेळ उभी होते.

"एक्सक्यूज मी, अंकल."

"अंकल कोण? हितं कोण अंकल नाही." त्यांनी वर न बघताच म्हटलं. "काका म्हण. नुसतं अहो म्हणू नकोस, ते खातं आत आहे."

आतून काकूंचं हसणं ऐकू आलं. मी पाकीट पुढे केलं. काकांनी निगेटिव्हची पट्टी दोन बोटांत धरून ट्यूबसमोर नेली. दुसऱ्या स्टुडिओतल्या माणसानं ती जेमतेम पाहिली होती. काका एकेक चौकट सावकाश बघत गेले.

"बाद कोण म्हणालं?"

मी नाव सांगितलं नाही.

"जाड आहे. उजेड जास्त खाल्लाय तिनं. जाडीला घाबरायचं नसतं. पातळ असती तर मी पण हात जोडले असते. पातळीत काय नसतंच, मग काढणार कुठून? हिच्यात सगळ्या पोरी आहेत. जरा दम धरून बाहेर काढायच्या."

वाशीत तेव्हा कलर धुवायची सोय नव्हती. दादरच्या एका लॅबचा माणूस दिवसाआड येऊन पाकिटं घेऊन जायचा. काकांनी माझ्या पाकिटावर लिहायला पेन उघडलं, मग ते माझ्याकडे सरकवलं. "लिही. जाड आहे. मशीनवर टाकू नये. हातानं, वेळ देऊन छापावे."

मी लिहिलं. आठवड्यानं फोटो आले. आकाश जरा दुधाळ झालं होतं आणि पांढऱ्या युनिफॉर्मच्या चुण्या पार गेल्या होत्या. मुली मात्र सगळ्या होत्या. काकांनी एकेक फोटो काउंटरवर मांडला आणि म्हणाले, "पांढऱ्याचं तेवढं माफ कर." मग माझ्या अक्षराकडे बघत, "सुट्टी आहे ना? पाकिटांवर लिहायला येशील?"

सुट्टीपुरती म्हणून गेले आणि कॉलेज सुरू झालं तरी संध्याकाळी जात राहिले. तीन वर्षं गेले. घरी आईला सांगताना मी म्हणायची, फोटोग्राफी शिकते. खरं कारण असं की तिथे मला फारसं बोलावं लागत नसे.

काका मला 'कॉन्व्हेंट' म्हणायचे. "ए कॉन्व्हेंट, चहा सांग." माझी सगळ्यात मोठी अडचण मराठी आकड्यांची होती. काका आतून ओरडायचे, "पाकीट नंबर एकोणसाठ!" आणि मी एकोणसत्तर काढून द्यायची. एकदा नेरूळच्या एका म्हाताऱ्या बाईंच्या हातात मी कुणाच्या तरी बारशाचे फोटो दिले. त्या सगळे बघून, "बाळ गोड हाय, पन माजा पासपोर्ट कुठाय?" म्हणाल्या. त्यानंतर महिनाभर काका प्रत्येक गिऱ्हाइकासमोर माझी परीक्षा घ्यायचे. "एकोणऐंशी म्हणजे?" मी कानापर्यंत लाल व्हायची. "सेव्हन्टी नाइन." "शाबास. आता बारशाला बोलवा हिला."

माणसांनाही ते निगेटिव्हच्या भाषेत मोजायचे. सलूनवाला जाड. घरमालक जाड, पण डाग पडलेला. काकूंबद्दल विचारलं तर पडद्याकडे बघून म्हणायचे, "बरोबर एक्स्पोजर. म्हणून तर भीती वाटते." मी पातळ होते. हे त्यांनी मला दुसऱ्याच आठवड्यात सांगितलं होतं. "तू अंडर आहेस. सगळं बघतेस आणि काय बोलत नाहीस. असं किती दिवस चालेल?"

मी हसून पाकिटांवर नंबर घालत राहिले.

त्यांचा एक नियम होता. प्रत्येक रोलची शेवटची चौकट त्यांची. लग्न असो, मुंज असो, कारखान्यातला समारंभ असो, छत्तिसावा फोटो ते दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला दुकानाच्या पायरीवरून काढायचे. समोर पाण्याची टाकी होती आणि तिच्या बाजूला एक इमारत वर चढत होती. तो फोटो ते कधी छापायचे नाहीत. का काढता, असं काकूंनी विचारलं तर म्हणायचे, "अख्खं शहर उभं करतायत, कुणी बघतंय का? आमी बघतो." निगेटिव्ह गिऱ्हाइकाला द्यायच्या नाहीत, हा दुसरा नियम. त्या पट्ट्या कापून, पारदर्शक कागदात घालून, तारीख लिहून फायलीत लावायचं काम माझं.

तिसऱ्या वर्षी कधीतरी काकांचे डोळे दुखायला लागले. कोपरखैरण्याला डोळ्यांचं शिबिर होतं, तिथे जाऊन आले. तिथल्या डॉक्टरनं बॅटरीनं बघून सांगितलं, मोतीबिंदू आहे, अजून कच्चा आहे, पिकला की या. काका खूश होऊन परत आले. त्यांना त्या शब्दाचीच मजा वाटली. रत्नागिरीचा माणूस, पिकण्याची वाट कशी बघायची हे मला शिकवू नका, म्हणायचे. काकू दर पंधरा दिवसांनी म्हणायच्या, "पुन्हा दाखवून घ्या." काका म्हणायचे, "कच्चा काढला तर आंबट लागतो." सलूनवाला विचारायचा, "काय काका, आढी लावलीय काय?" "लावलीय. पाडव्याला पेटी पाठवतो."

हळूहळू दुकानातला साठचा बल्ब गेला आणि शंभरचा आला. काका पाकीट नाकाजवळ धरून वाचायला लागले. बाजूला ठेवलेल्या स्टुलावर आदळायला लागले, रोज, त्याच स्टुलावर. काकू ओरडायच्या, "दिसत नाही का?" "दिसतंय. पिकतंय."

मला मात्र ते फायलीत दिसलं. एका संध्याकाळी मी पट्ट्या लावत होते. दुकानात काचेची एक पेटी होती, आत ट्यूब असलेली, निगेटिव्ह बघायची. तिच्यावर पाच-सहा महिन्यांतल्या रोलच्या शेवटच्या पट्ट्या एकदम पसरल्या होत्या. प्रत्येकीच्या टोकाला तीच टाकी, तीच पायरी, तीच सकाळी दहाची वेळ. जानेवारीतली टाकी करडी होती. मार्चमधली गडद. जूनमधल्या टाकीच्या आरपार पेटीचा उजेड जेमतेम येत होता. जूनमध्ये ढग असतात म्हणून मी मेमधली शोधली. तीही तशीच.

काकांच्या तळहातावर उजेड कमी कमी होत चालला होता. तळवा अंधारा दिसला की ते लेन्स आणखी उघडायचे. गिऱ्हाइकांना काहीच कळत नव्हतं, कारण कलर निगेटिव्ह खूप सोसते आणि लॅबमधला माणूस छापताना सांभाळून घेत होता. फोटो चांगले येत होते. लोक फोटो बघतात, निगेटिव्ह कुणी बघत नाही. मी बघत होते.

गणपतीच्या आधी लॅबमधून आलेल्या पाकिटात एक चिठ्ठी निघाली. पेन्सिलीनं लिहिलेली. 'आपल्या निगेटिव्ह सहा महिन्यांपासून फार जाड येत आहेत. कृपया मीटर तपासून घ्या.' लॅबच्या त्या माणसाला मी कधी पाहिलं नव्हतं. त्याला काय ठाऊक, इथे मीटर नाही म्हणून.

पाकिटं मीच उघडायची. काका आत कुणाशी तरी भांडत होते. मी चिठ्ठी दोनदा वाचली आणि कॉलेजच्या इकॉनॉमिक्सच्या पुस्तकात ठेवली. उद्या देऊ, असं म्हटलं. दुसऱ्या दिवशी वाटलं, कसं सांगायचं? तुम्हाला उजेड दिसत नाही, असं फोटोवाल्याला कसं सांगायचं? मराठीत मला वाक्यच जुळेना. इंग्रजीत जुळलं असतं, पण त्यांना ते कळलं नसतं. मग मी वेगळंच केलं. त्यांनीच शिकवलेलं. त्यानंतर जाणाऱ्या प्रत्येक पाकिटावर मी लहान, नीट अक्षरात इंग्रजीत लिहायला लागले, की निगेटिव्ह जाड आहेत, मशीनवर टाकू नयेत, कृपया हातानं छापावे. लॅबचा माणूस सज्जन होता. त्यानं पुन्हा चिठ्ठी पाठवली नाही. फोटो पहिल्यापेक्षाही चांगले येऊ लागले. काका ते नाकाजवळ धरून म्हणाले, "बघ, हात अजून आहे."

मला त्या वेळी बरं वाटलं होतं, हे लिहायला हवं.

पुढच्या मे महिन्यात करावे गावात एक लग्न होतं. मुलीचे वडील खाडीत मासे धरणारे, काकांचे जुने गिऱ्हाईक. ते काकांना 'मास्तर' म्हणायचे. एकुलती मुलगी. मी बॅग धरायला गेले होते. गावातल्या बायकांनी मला मंडपाच्या सावलीत बसवलं आणि "बाय, तू क बोलंनास? मुकी हायस काय?" म्हणून चेष्टा केली. काकांनी उन्हात तळवा धरला. आकडा मोठ्यानं सांगितला, "अकरा." मग लेन्सवरची कडी फिरवली. कडी फिरवताना ते तिच्याकडे बघत नव्हते. ओठ हलत होते. कट, कट, कट, असे टप्पे मोजत होते. मला वाटलं, इतक्या वर्षांची सवय, बघायची गरज काय?

ते उलट्या टोकाकडून मोजत होते. भर उन्हातला अख्खा रोल, लेन्स सताड उघडी.

पाकीट आलं तेव्हा मुलीचे वडील दुकानातच बसले होते. फोटो पाहून ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी एकेक फोटो उचलला, उलटा करून मागे बघितलं, पुन्हा सुलटा केला.

"मास्तर, पोरीचा तोंड कुठं हाय यात?"

"काय झालं?"

"ह्यो पांढरा कागूद हाय. हार दिसतंय थोरा. पोर नाय."

"लॅबवाल्यानं घाण केली असेल. आण गं निगेटिव्ह." मी पट्टी दिली. ती कोळशासारखी काळी होती. काकांनी ती दोन बोटांत धरून ट्यूबसमोर नेली, तीन वर्षांपूर्वी माझी नेली होती तशीच. जवळ नेली. आणखी जवळ. मग माझ्या दिशेनं वैतागून म्हणाले, "कॉन्व्हेंट, ट्यूब लाव की."

मी उभी राहिले.

"अगं लाव ना. अंधारात काय बघू?"

मुलीचे वडील उठले. अगदी हळू आवाजात म्हणाले, "मास्तर, ट्यूब चालू हाय."

पडदा सरकला. काकू पिठाच्या हातांनी तिथेच उभ्या होत्या.

तो रोल मी स्वतः दादरला घेऊन गेले. लॅबच्या माणसानं दोन दिवस खपून पस्तिसातले चार फोटो काढले. राखेतून काढल्यासारखे. मुलगी त्यात होती असं म्हणता येईल, ओळखीच्या माणसाला. वडिलांनी ते चार रुमालात गुंडाळून नेले. "ऱ्हाऊ दे," म्हणाले. "तुमी डोला दाखवा मास्तर."

काकू त्यांना मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात घेऊन गेल्या. मीही बरोबर होते, फॉर्म इंग्रजीत होते म्हणून. मोतीबिंदू होता, थोडासा. त्याच्या मागे काचबिंदू होता. डॉक्टरीण तरुण होती, घाईत होती. तिनं सांगितलं, काचबिंदू पिकत नाही. तो वाट बघत नाही, नुसता खात जातो, आणि जे गेलं ते परत येत नाही. काकूंनी विचारलं, आधी आणलं असतं तर? ती म्हणाली, आठ-दहा महिने आधी आणलं असतं तर आहे तेवढं टिकलं असतं. आता थेंब घालत राहा. काकूंनी मान हलवली आणि थेंबांची चिठ्ठी पदराच्या गाठीत बांधली.

थेंबांनी काही झालं नाही. पावसाळ्याच्या अखेरीस काकांना दाराची चौकट तेवढी कळायची. दुकानाचं शटर अर्धं खाली असायचं. ते काउंटरमागे बसून असायचे. फोटो काढून घ्यायला चुकून कुणी आलंच, तर म्हणायचे, "पुढच्या रांगेत जा. तिथे दातांचे पण काढतात."

एका दुपारी मी ते इकॉनॉमिक्सचं पुस्तक घेऊन गेले.

"काका, एक सांगायचंय."

"अरे वा. स्वतःहून?"

मी चिठ्ठी काढली. ती त्यांना वाचता येणार नव्हती म्हणून मीच वाचून दाखवली. पाकिटांवर मी काय लिहीत होते तेही सांगितलं. मराठीत सांगितलं, अडखळत, आणि सगळं सांगितलं. टाकीचंही.

काका ऐकत होते. मग खो खो हसले. "मीटर तपासा? मला? मीटर तपासा म्हणतो!" त्यांनी हात पुढे केला, चिठ्ठी चाचपली, तिची घडी घालून माझ्याकडे परत दिली. "तेव्हा दिली असतीस ना, तर फाडून तोंडावर फेकली असती. आणि तुला हाकलून दिलं असतं. मी काय ऐकणार होतो का? जा, पाकिटं लाव."

ते माझ्या डाव्या खांद्याच्या पलीकडे कुठेतरी बघून बोलत होते. लावायला पाकिटं नव्हती.

ते खरं बोलत असतील. मी अजूनही स्वतःला तसंच सांगते. त्यांनी ऐकलं नसतं.

पण काकूंनी ऐकलं असतं. हे मला तेव्हा, तिथे उभ्या उभ्या कळलं, कारण काकू पडद्यापाशी चहाचे तीन कप घेऊन थांबल्या होत्या. किती वेळ, ते माहीत नाही.

"कधीची ती चिठ्ठी?" त्यांनी विचारलं.

"गणपतीच्या आधीची. मागच्या वर्षीच्या."

त्यांनी कप काउंटरवर ठेवले. उजव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवरून एकेक करत सरकू लागला, चिठ्ठीच्या दिवसापासून हॉस्पिटलच्या दिवसापर्यंत. ओठ हलत नव्हते. काका विचारत होते, "काय गं, काय झालं? गप्प का झालात दोघी?" अंगठा दहाव्या पेरावर थांबला. काकूंनी माझ्याकडे पाहिलं नाही. एक कप काकांच्या हातात दिला, त्यांची बोटं कपाच्या कानाभोवती नीट बसवली, आणि उरलेले दोन उचलून आत घेऊन गेल्या.